रंगांचं ताट

चहाचे कप घेऊन मी बाल्कनीच्या दारात आले आणि त्याच क्षणी वैजयंती शितोळेने ब्रश तोंडात घातला.

ओठांत धरून हलकेच फिरवला, बाहेर काढला, उजेडात धरून टोक निरखलं आणि म्हणाली, "हं, हा घ्या सर. आता बघा कसं सुईसारखं झालंय."

मोडकांनी तो तिच्या हातातून घेतला. रंगात बुडवणार तोच त्यांना एखादा केस फाकलेला दिसला असावा. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ब्रश डोळ्यांजवळ नेला आणि मग, काहीच विशेष नसल्यासारखा, तोच ब्रश स्वतःच्या तोंडात घातला.

मोडक म्हणजे माझे यजमान. हा माणूस माझ्या पेल्यातलं पाणी पीत नाही. लग्नाच्या पंगतीत घास भरवायची वेळ आली तेव्हा ह्यांनी जिलबीचा तुकडा इतक्या लांबून माझ्या तोंडाकडे टाकला की तो शालूवर पडला. मुलीने चाखून ठेवलेला पेढासुद्धा ह्यांनी कधी उचलला नाही. "मला उष्टं चालत नाही," हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते आणि त्यात काही बदल होऊ शकतो असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"अय्या वहिनी, चहा!" वैजयंती म्हणाली. "ठेवा ना इथे."

इथे म्हणजे माझ्याच बाल्कनीतल्या माझ्याच टेबलावर. मी कप ठेवले. जरा जोरातच ठेवले गेले असावेत, कारण टेबलावरचे शिपाई आडवे पडले.

"नलू, हळू," मोडक म्हणाले. "ओले आहेत अजून."

शिपाई शिशाचे होते, बोटाच्या पेराएवढे. आम्ही तेव्हा खडकीला राहत होतो. तिथे ब्रिगेडियर सबनीसांच्या बंगल्यात दर रविवारी सकाळी चांगली पोक्त माणसं जमून लढाई लढायची. पिंगपाँगच्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, खाली पुस्तकं सारून टेकड्या करायच्या, निळ्या रिबिनीच्या नद्या सोडायच्या आणि दोन्ही बाजूंना कंपनी सरकारच्या काळातल्या पलटणी मांडायच्या. मग फासे टाकायचे आणि पट्टीने मोजून पलटणी पुढे सरकवायच्या. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण एखाद्या पलटणीच्या कॉलरचा रंग चुकला तर ही माणसं आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नसत. सगळे निवृत्त फौजी. सिव्हिलियन एकटे मोडक, सरकारी कारखान्यातले ड्राफ्ट्समन.

त्यांना तिथे मान होता तो त्यांच्या हातामुळे. ब्रिगेडियरांचा मुलगा विलायतेहून कोरे शिपाई पाठवायचा आणि मोडक ते रंगवायचे. इतक्याशा चेहऱ्यावर मिशी काढायचे, मिशीखाली ओठ काढायचे. गोऱ्या पलटणी, काळ्या पलटणी, गोलंदाज, पेंढारी, सगळी फौज ह्यांच्या हाताखालून गेलेली. त्या मे महिन्यात क्लबने असईची लढाई घ्यायची ठरवली होती. मोडकांकडे शिंद्यांची बाजू होती आणि शिंद्यांची एक नवी कवायती पलटण अजून रंगवून व्हायची होती. दिवस थोडे, शिपाई पुष्कळ. म्हणून ब्रिगेडियरांनी मदतीला वैजयंतीला पाठवलं. नवरा कर्नल, सीमेवर. मुलगा हॉस्टेलवर. चित्रकलेचा हात चांगला आणि वेळ भरपूर.

ती दिसायला छान होती, हे मी पहिल्याच दिवशी मान्य केलं आणि तिथेच माझं बिनसलं. बारीक कापलेले केस, बिनबाह्यांचा ब्लाउज, आणि रंगवता रंगवता ती शीळ घालायची. चांगली घालायची. मोडकांची पहिली पाळी असायची, ते चार वाजेपर्यंत घरी यायचे. त्यांच्या मागोमाग ही यायची आणि दोघं समोरासमोर बसून, एका दिव्याखाली डोकी घालून काम करायची. मला शाळेची सुट्टी होती, त्यामुळे हे सगळं मला बसून बघता येत होतं. मी जळत होते. ह्याला दुसरा सभ्य शब्द असेल, पण मला तो नको आहे. मी आमटीला फोडणी देताना जळत होते, कपडे वाळत घालताना जळत होते.

पण तोवर एक गोष्ट माझ्याकडे होती, म्हणून मी तग धरून होते. रंग मी वाढायचे.

रंग आम्ही घरीच मिसळायचो आणि फोटोच्या रोलच्या काळ्या डब्यांत भरून ठेवायचो. मोडक रंगवायला बसले की मी स्टीलच्या ताटात त्या दिवशी लागतील त्या डब्या मांडून त्यांच्यापुढे ठेवायचे. जेवणाचं ताट वाढतात तशा. मिठाच्या जागी, वर, पांढरा. भाताच्या जागी, मध्ये, अंगाचा तपकिरी. उजवीकडे भाजीच्या जागी लाल. डावीकडे चटणीच्या जागी हिरवा. निळा, पिवळा, काळा ह्यांचं काही नसायचं, ते कुठेही असले तरी चालायचे. क्लबमध्ये ह्यावरून चेष्टा व्हायची. "मोडकांना वहिनी रंगसुद्धा वाढतात!" ब्रिगेडियर म्हणायचे. सगळे हसायचे आणि मोडकही हसायचे.

का वाढते ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

अठराव्या वर्षी मोडक फौजेच्या सगळ्या परीक्षा पास झाले होते. शेवटी डोळे तपासायला नेलं. डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांची पानं समोर धरली आणि त्यातला आकडा वाचायला सांगितलं. मोडकांना नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्यांना वेगळे दिसतच नाहीत. घरी येऊन त्यांनी सांगितलं की छाती दोन इंच कमी भरली. वडील गेले तेही हेच समजून. पुढे ड्राफ्ट्समन झाले; त्याला काळी शाई पुरते. आमच्या पहिल्या पाडव्याला त्यांनी मला साडी आणली. "लाल घेतली, तुला आवडते म्हणून," असं म्हणत त्यांनी खोका उघडला आणि आत गडद हिरवी साडी. मी म्हटलं, "अहो, ही हिरवी आहे." मोडक पलंगावर बसले आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "हे तुझ्यापाशीच राहू दे, नलू. त्या लोकांत तर कधीच कळायला नको." ते लोक म्हणजे फौजी.

ते मी ठेवलं. मुलीलासुद्धा सांगितलं नाही. तिला वाटायचं, बाबांना लाड करून घ्यायची सवय आहे. मोडकांकडचं पूर्णपणे माझं असं काही असेल तर ते हे होतं. त्यामुळे वैजयंती कितीही छान शीळ घालो, ताट माझ्याशिवाय हलत नव्हतं. आणि त्या दिवशी मी तो ब्रश पाहिला.

ती गेल्यावर मी मोरीत ब्रश धूत होते. मोडक टॉवेलला हात पुसत उभे होते.

"तुम्हाला उष्टं चालायला लागलं वाटतं," मी म्हटलं.

"कसलं उष्टं?"

"ब्रश."

त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाले, "अगं, ब्रशाचं टोक असंच करतात. सगळेच करतात."

"सगळे आपापल्या थुंकीने करतात."

मोडक हसले. त्यांनी हसायला नको होतं.

"उद्या मी माईकडे मिरजेला जाते," मी म्हटलं.

"उद्या? आणि पलटण? एक-दोन दिवसांत कोट घ्यायचेत."

"घ्या की."

"रंग कोण वाढणार?"

"ती आहे ना! तिला सांगा. गोष्ट ब्रशापर्यंत आलीच आहे, तर एवढं सांगायला काय हरकत आहे?"

माझ्याशी भांडायला त्यांनी एक वाक्य जरी तोंडातून काढलं असतं तरी मी बॅग भरली नसती. पण ते बाल्कनीत जाऊन शिपाई सारखे करत बसले आणि मी बॅग भरली.

मिरजेला माईने काही विचारलं नाही. बहीण असल्यामुळे तिला न विचारताच कळतं, आणि वरून ती सारखी थालीपीठं लावून देते. मी थालीपीठं खात होते आणि मनात खडकीची बाल्कनी बघत होते. त्यांनी तिला सांगितलं असेल का? सांगताना पलंगावर बसले होते तसेच बसले असतील का? ती काय म्हणाली असेल? हळहळली असेल. तिचे डोळे मोठे होते, त्यांना हळहळ छान शोभली असती.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. माईने उचलून माझ्या हातात दिला.

"नलू, कधी येतेस?" मोडकांचा आवाज.

"येईन."

"नाही, म्हणजे... एक विचारायचं होतं."

"विचारा."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, चहा गार होतोय हं!" आणि हसणं. माझं घर, माझे कप, आणि आता चहाही तिने केलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विचारा ना," मी म्हटलं.

"असं फोनवर नाही सांगता येत गं. ती... इथेच आहे."

"मग तिलाच विचारा! मी म्हटलं होतं ना, तिला सांगून टाका म्हणून. टाका सांगून!"

मी फोन आपटला.

"कोण होतं?" माईने विचारलं.

"राँग नंबर," मी म्हटलं. तिने माझ्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं.

मी परत आले ती लढाईच्या रविवारी सकाळी. लढाई बघायला आले असं म्हणणार नाही. मला राहवेना, म्हणून आले. घराला कुलूप होतं. मोडक शिपाई घेऊन सबनीसांकडे केव्हाच गेले होते. माझ्या किल्लीने दार उघडून मी बॅग हातात घेऊनच बाल्कनीत गेले.

टेबलावर, जाळीखाली, ताट होतं.

डब्यांची झाकणं लावलेली होती. वर मिठाच्या जागी एक डबी, झाकणावर पांढरा ओघळ. मध्ये भाताच्या जागी एक. एक उजवीकडे, एक डावीकडे. निळा आणि काळा बाहेर, टेबलावर. माझंच ताट. फक्त डब्या माझ्यापेक्षा नीट पुसलेल्या.

म्हणजे सांगितलं.

मी त्या खुर्चीवर बसले. तिच्या खुर्चीवर, कारण तीच जवळ होती. मीच सांगा म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा म्हटलं होतं, आणि तरी मला वाटत होतं की कुणीतरी माझ्या पेटीतून माझं मंगळसूत्र काढून दुसरीच्या गळ्यात घातलं आहे. ब्रश परवडला. ब्रशाचं मी एखादे दिवशी हसून सोडलं असतं. हे सुटणार नव्हतं. मनाशी ठरवून टाकलं, तिथे जायचं, मोडकांना एवढंच विचारायचं की सांगितलंत ना, आणि ते हो म्हणाले की तशीच परत मिरजेची गाडी धरायची. बॅग उघडायचीच नाही. बॅग घेऊन मी रिक्षात बसले.

सबनीसांच्या हॉलमध्ये हशा चालला होता. दारातूनच ऐकू येत होता.

"वा, वहिनी! थेट स्टँडवरून?" ब्रिगेडियरांनी माझी बॅग बघितली. "या, या. अगदी वेळेवर आलात. तुमच्या यजमानांनी काय करून आणलंय बघा तरी!"

मी पुढे झाले. टेबलाच्या एका बाजूला कंपनीची फौज, लालभडक. दुसऱ्या बाजूला शिंद्यांच्या तोफा, जुन्या पलटणी, आणि मधोमध नवी पलटण. ब्रिगेडियरांच्या पुस्तकातल्या चित्रात तिचे कोट लाल होते आणि कॉलर हिरवी. टेबलावरच्या पलटणीचे कोट हिरवे होते आणि कॉलर लाल. एकाचा नाही, दोघांचा नाही, अख्ख्या पलटणीचे. हिरव्या कापडावर हिरवे शिपाई. लांबून नुसत्या पगड्या आणि मिश्या चालल्यासारख्या दिसत होत्या.

"मोडक, खरं सांगा," ब्रिगेडियर म्हणाले, "ही पलटण शिंद्यांची की वनखात्याची?"

पुन्हा हशा. मोडक टेबलाच्या टोकाशी उभे होते, हातात पट्टी. त्यांनी मला पाहिलं आणि पट्टी खाली ठेवली.

"माझ्या... वाचनात आलं होतं असं," ते म्हणाले.

"कुठे? पुस्तकाचं नाव सांगा, मी मागवतो."

मोडक पुढच्या शिपायांची ओळ सारखी करू लागले.

वैजयंती माझ्याजवळ सरकली. "वहिनी, बरं झालं आलात," ती हळूच म्हणाली. "सगळे सरांना किती चिडवताहेत. मला फार वाईट वाटतंय. मी पहिल्याच शिपायाला विचारलं होतं हो, सर, कोट हिरवा? तर हातातला ब्रश तसाच धरून बसले. मग उठून आत जाऊन तुम्हाला फोन केला. बाहेर आले ते म्हणाले, हो, हिरवाच. मग काय, मी गप्प. इतका अभ्यास त्यांचा. मीही माझे हिरवेच केले."

"रंग कोण वाढत होतं?" मी विचारलं.

"मीच! सरांनी काही सांगितलं नव्हतं, पण म्हटलं, वहिनी नाहीत तर त्यांची सवय मोडायला नको. अगदी तुमच्यासारखं वाढायचे. आत ओट्यावर मांडायचे आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवायचे. वर पांढरा, मध्ये अंगाचा रंग, इकडे लाल, इकडे हिरवा." इकडे लाल म्हणताना तिने डावा हात पुढे केला. इकडे हिरवा म्हणताना उजवा.

ती समोर बसायची. तिच्या बाजूने माझ्या ताटातला लाल डावीकडे दिसायचा. तिने तेच लक्षात ठेवलं होतं. मीठ तेवढं वर ठेवलं होतं, कारण ते कुठल्याही बाईला न सांगता कळतं.

तिला काहीच माहीत नव्हतं. तिने विचारलं तेव्हाच मोडकांना कळलं असणार की कुठेतरी चुकलं आहे. एका शिपायावर निभावलं असतं. पण त्यासाठी तिला विचारावं लागलं असतं, ह्यातला लाल कुठला? म्हणून त्यांनी मला फोन केला. आणि फोनवर मी म्हटलं, तिला सांगून टाका. मी मोकळीक दिली होती, ओरडून दिली होती. तरी हा माणूस बाहेर आला, खुर्चीवर बसला आणि चूक आहे हे ठाऊक असताना एकामागून एक अख्खी पलटण हिरवी करत गेला.

माझ्या हातातली बॅग मला एकदम जड झाली. मी ती खाली ठेवली.

टेबलापलीकडे मेजर दाते वाकून भिंगातून एका शिपायाकडे बघत होते. दाते फौजेतले डॉक्टर. हयातभर पोरांचे डोळे आणि छात्या तपासलेल्या. त्यांनी शिपाई ठेवला आणि मोडकांकडे पाहिलं.

"मोडक," ते म्हणाले, "एक विचारू? तुम्हाला कधी..."

"मी सांगितलं हिरवे करायला," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले.

"तुम्ही?" ब्रिगेडियर म्हणाले.

"हो. मिरजेहून. फोनवर." माझा आवाज जरा चढलाच होता, पण थांबून चालणार नव्हतं. "दर वेळी आपले लाल कोट, लाल कोट. घरात बघून बघून मला वीट आला होता. म्हटलं, ह्या खेपेला हिरवे करा, नाहीतर मी येत नाही."

"हो हो! सरांनी फोन केला होता!" वैजयंती टाळी वाजवून म्हणाली. "अगदी त्याच वेळी! म्हणून बाहेर येऊन म्हणाले होय, हिरवाच! आत्ता कळलं मला!"

त्या क्षणी ती मला प्रथमच बरी वाटली. थोडी.

"म्हणजे शिंद्यांच्या फौजेचा हुकूम मिरजेहून सुटत होता तर!" ब्रिगेडियर गडगडून हसले. "आणि आम्ही इथे पुस्तकं चाळतोय. काय मोडक? बायकोचा फोन आला की गणवेश बदलतो तुमचा?"

"बदलावा लागतो," मोडक म्हणाले.

मेजर दात्यांनी भिंग खिशात टाकलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आमच्या घरी पडद्यांच्या बाबतीत हेच चालतं," आणि फासे उचलले.

त्या लोकांत एक समजूत होती, की नव्या रंगाची पलटण पहिल्या लढाईत पळतेच. आमची हिरवी पलटण गोऱ्या घोडदळाचा पहिलाच हल्ला आला तशी पळाली. ब्रिगेडियर म्हणाले, "जंगलात शिरली, आता सापडायची नाही." मोडक सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. इतकं हरून इतका खुशीत असलेला सेनापती मी पाहिला नाही.

परतताना माझी बॅग स्कूटरवर पुढे त्यांच्या पायांत आणि मी मागे. चौकातल्या सिग्नलला स्कूटर थांबली. सिग्नल मोडकांना जागेवरून कळतो. वरचा म्हणजे थांबायचं, खालचा म्हणजे जायचं.

"सांगायचं होतं ना तिला," मी त्यांच्या पाठीला म्हटलं. "मीच म्हटलं होतं."

"तू रागात म्हटलं होतंस."

"म्हणून काय झालं? इतकी हसली सगळी. सांगितलं असतंत तर वेळच आली नसती."

"तिला कशाला सांगू?" मोडकांनी मान अर्धी वळवली. "ती काय आपल्या घरची आहे?"

मागून हॉर्न वाजायला लागले. खालचा दिवा कधीच लागला होता आणि तो आम्हा दोघांनाही दिसला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी पलटण खोक्यातून काढून बाल्कनीतल्या टेबलावर मांडली. मी चहा टाकून आले तर ताट ओढून बसले होते.

"वाढ बघू नीट," ते म्हणाले. "पुढच्या रविवारच्या आत सगळे लाल करून टाकतो."

मी डब्या आपापल्या जागी मांडल्या. लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. पण लालचं झाकण काढलं नाही.

"कोट राहू देत असेच," मी म्हटलं.

"अगं, चुकीचे आहेत."

"असू देत."

मोडकांनी एक शिपाई उचलून डोळ्यांजवळ धरला. उन्हात इकडेतिकडे फिरवून बघितला. "नलू, हिरवा म्हणजे साधारण कसला हिरवा झालाय गं हा?"

"आपल्या पहिल्या पाडव्याच्या साडीचा."

ते हसले. मग त्यांना दिसलं की पळापळीत त्या शिपायाच्या छातीवरचा पांढरा पट्टा खरवडला गेला आहे. त्यांनी पांढऱ्याचं झाकण उघडलं, पेल्यातला ब्रश उचलला आणि सवयीने तोंडाकडे नेला. मी तो वाटेतच धरला.

"हा नको."

"का? चांगला आहे की."

"नवा काढा."

मोडकांनी ब्रशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. लाल-हिरवं न कळणाऱ्या त्या माणसाला हे मात्र लगेच कळलं. त्यांनी खण उघडला, नवा ब्रश काढला, पाण्यात बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"मग टोक तू करून दे," ते म्हणाले.

मी ब्रश ओठांत धरून फिरवला. मला कुठली त्यातली सवय. टोक काही धड आलं नाही, दोन केस बाहेरच राहिले. तसाच त्यांच्या हातात दिला.

मोडकांनी तो उजेडात धरला, फाकलेले केस बघितले आणि तोंडात घातला.